‘लीव्ह’ म्हणजे जाणं की ठेवणं?

वाचकांचं पत्र

मी इचलकरंजीत कापड निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. शिक्षण मराठी माध्यमातून झालं, पण परदेशी ग्राहकांना मेल मलाच लिहावे लागतात. गेल्या महिन्यात एका मेलमध्ये मी तीन वाक्यं लिहिली : ‘अवर सुपरवायझर हॅज लेफ्ट.’ ‘ऑन मंडे अवर ड्रायव्हर विल लीव्ह यू टू द फॅक्टरी.’ ‘आय ॲम टेकिंग टू लीव्हज नेक्स्ट वीक.’ सुपरवायझर त्या दिवशी पाच वाजता घरी गेले होते, एवढंच मला सांगायचं होतं. ग्राहकाचं उत्तर आलं, ‘ते नोकरी सोडून गेले हे वाचून वाईट वाटलं, आता त्यांच्या जागी कोण?’ साहेब म्हणाले, तिन्ही वाक्यं चुकली. का चुकली ते सांगितलं नाही. शब्दकोश उघडला तर ‘सोडून जाणे’, ‘मागे ठेवणे’ आणि ‘रजा’ हे अर्थ एकाखाली एक. एकाच शब्दात जाणं आणि ठेवणं दोन्ही कसं? आठवीतली मुलगी विचारते, ‘लेफ्ट’ म्हणजे गेला आणि ‘लेफ्ट’ म्हणजे डावा, हे असं का? आणि शाळेच्या दाखल्याला ‘लिव्हिंग’ म्हणायचं की ‘लीव्हिंग’?

उत्तर

ताई, तुमची तीन वाक्यं तीन वेगळ्या कारणांनी अडली आहेत. पहिलं व्याकरणाने बरोबर आहे, फक्त अपुरं आहे. दुसऱ्यात मराठीतलं ‘सोडणे’ इंग्रजी कपडे घालून आलं आहे. आणि तिसऱ्यातला ‘लीव्ह’ मुळात दुसराच शब्द आहे. शब्दकोशात एकाखाली एक छापलेले ते अर्थ एका शब्दाचे नाहीत. दोन वेगळ्या घराण्यांतले दोन शब्द काळाच्या ओघात उच्चाराने आणि स्पेलिंगने एकसारखे झाले. आधी ते वेगळे करू, म्हणजे बाकीचा गुंता बराचसा आपोआप सुटेल.

क्रियापदापासून सुरुवात करू. वजाबाकी शिकताना आपण म्हणतो, ‘दहातून चार गेले, राहिले सहा.’ त्यात दोन क्रियापदं आहेत, एक जाणाऱ्याचं आणि एक राहणाऱ्याचं. इंग्रजीत हेच वाक्य ‘फोर फ्रॉम टेन लीव्हज सिक्स’ असं होतं. इथला ‘लीव्ह’ कोणत्या बाजूला आहे ते पाहा. तो गेलेल्या चाराकडे पाहत नाही, राहिलेल्या सहाकडे पाहतो. या शब्दाचा मूळ स्वभाव हाच. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, त्याचं रूप ‘लॅवान’ असं काहीसं होतं आणि अर्थ होता राहू देणे, उरू देणे, वारसांसाठी मागे ठेवणे. ‘निघून जाणे’ हा अर्थ त्याला इसवी सन 1200च्या सुमारास चिकटला. वाट सरळ आहे. मी घराला मागे राहू दिलं, याचाच दुसरा अर्थ मी घरातून निघालो. शब्द एकच, पाहणाऱ्याने तोंड फिरवलं एवढंच.

मराठी वर्तमानपत्रात निधनवार्तेच्या शेवटी ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ असं वाक्य असतं. इंग्रजीत तिथे ‘ही लीव्हज अ वाइफ अँड टू सन्स’ असं लिहितात. कुटुंबाला सोडून पळून गेला, असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही. कोण मागे राहिलं, तेवढंच ते वाक्य सांगतं.

आता हे क्रियापद घडलं कसं, ते पाहू. मराठीत पडणे–पाडणे, मरणे–मारणे, सुटणे–सोडणे अशा जोड्या आहेत. पहिल्यात गोष्ट आपली आपण घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतो. दुसऱ्याला आपण प्रयोजक म्हणतो. इंग्रजीच्या पूर्वजभाषेतही अशा जोड्या होत्या आणि त्यांतल्या काही आजवर टिकल्या आहेत : ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे, ‘फॉल’ म्हणजे पडणे, तर झाड तोडून पाडण्याला ‘फेल’. ‘लीव्ह’ हाही असाच प्रयोजक आहे. त्याचं मूळ साधं क्रियापद ‘राहणे, टिकणे’ या अर्थाचं होतं. म्हणून त्याचं अगदी नेमकं मराठी भाषांतर करायचं तर ते ‘सोडणे’ नाही, ‘उरवणे’ आहे. त्या साध्या क्रियापदाचे वंशज आजही भेटतात. जर्मन भाषेत ‘ब्लाइबेन’ म्हणजे राहणे, थांबणे. इंग्रजी ‘लीव्ह’ जातो आणि त्याचा सख्खा जर्मन भाऊ थांबतो! इंग्रजीतले ‘लाइफ’ आणि जगणे या अर्थाचा ‘लिव्ह’ हेही याच कुळातले. जगणं म्हणजे टिकून राहणं.

आणखी मागे गेलं की हे कूळ आपल्या दाराशी येतं. या सगळ्यांचा मूळ धातू ‘चिकटणे, चोपडणे’ या अर्थाचा मानतात, आणि संस्कृतात त्याचं रूप आहे ‘लिप्’. त्याच्यापासून आपला लेप, आपलं लिंपणं. चिकटलेलं राहतं, राहिलेलं उरतं. शेणामातीने भिंत लिंपताना जी क्रिया आपण बोलतो, तिचा एक दूरचा नातलग लंडनच्या स्टेशनावरून गाडी सुटताना बोलला जातो.

या इतिहासाचा मेल लिहिताना फार उपयोग होतो. वाक्यात ‘लीव्ह’ आला की त्याच्या पुढचं नाम हे मागे राहणारं असतं. ‘शी लेफ्ट पुणे’ म्हणजे पुणं मागे राहिलं, ती निघाली. म्हणून इथे ‘फ्रॉम’ लागत नाही. आपण ‘पुण्याहून निघाली’ म्हणतो, त्या ‘हून’चं भाषांतर करायला हात शिवशिवतो आणि ‘लेफ्ट फ्रॉम पुणे’ लिहिलं जातं. तो मोह टाळावा. ‘फ्रॉम’ शोभतो तो सुटण्याची नेमकी जागा सांगताना : बस स्वारगेटवरून सुटते, विमान अमुक गेटवरून, गाडी तीन नंबरच्या फलाटावरून. जिकडे जायचं ते ठिकाण ‘फॉर’ने जोडायचं. ‘शी लेफ्ट मुंबई’ आणि ‘शी लेफ्ट फॉर मुंबई’ या दोन वाक्यांत मुंबई विरुद्ध दिशांना आहे. पहिल्यात पाठीमागे, दुसऱ्यात समोर. हा एवढासा ‘फॉर’ गळला की ग्राहक विमानतळावर तुमच्या माणसाची वाट पाहत बसतो आणि माणूस तिथून निघालेला असतो, किंवा याच्या उलट. दोन्ही गावं सांगायची असतील तर ‘लेफ्ट पुणे फॉर मुंबई’. 

‘टू’ मात्र इथे चालत नाही, कारण ‘लीव्ह’नंतर नाम आणि मग ‘टू’ आला की अर्थ सरळ मृत्युपत्रात जातो. ‘ही लेफ्ट द हाउस टू हिज डॉटर’ म्हणजे घर मुलीच्या नावे करून गेला. जुना वारसाचा अर्थ इथे जसाच्या तसा शिल्लक आहे. त्याचाच सौम्य प्रकार म्हणजे ‘लीव्ह इट टू मी’, ‘ते माझ्यावर सोडा’. इथे मराठी आणि इंग्रजी छान जुळतात. पण याच कारणाने ‘अवर ड्रायव्हर विल लीव्ह यू टू द फॅक्टरी’ या तुमच्या वाक्याचा अर्थ ‘ड्रायव्हर तुम्हाला कारखान्याच्या हवाली करील’ असा काहीसा होतो. ग्राहकाने ते समजून घेतलं हा त्याचा चांगुलपणा.

त्या वाक्यातला मुख्य दोष मात्र ‘टू’चा नाही, ‘सोडणे’चा आहे, आणि मराठी माणसाच्या इंग्रजीत हा दोष सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून इथे जरा थांबू. सोडणे हा आपला फार कामसू शब्द आहे. आपण माणसाला स्टेशनवर सोडतो, मुलांना शाळेत सोडतो, धरणातून पाणी सोडतो, कुत्रा मोकळा सोडतो, उपास सोडतो, दारू सोडतो, धरलेला हात सोडतो, आणि ‘त्याला सोडून सगळे आले’ असंही म्हणतो. यांतल्या एकाही ठिकाणी ‘लीव्ह’ नीट बसत नाही. माणसाला गाडीने पोचवून येणं म्हणजे ‘ड्रॉप’ करणं. गाडीत बसवून, हात हलवून निरोप द्यायला जाणं म्हणजे ‘सी ऑफ’ करणं. धरणातून पाणी ‘रिलीज’ करतात. ‘वॉटर वॉज लेफ्ट’ म्हटलं तर उलट पाणी शिल्लक राहिलं असा अर्थ होतो, आणि पावसाळ्यात अशी बातमी कोणी इंग्रजीत टाकली तर नदीकाठच्या माणसाची दिशाभूल होईल. कुत्र्याला ‘लेट लूज’ करतात. उपास ‘ब्रेक’ करतात. दारू ‘गिव्ह अप’ किंवा ‘क्विट’ करतात. ‘माझा हात सोड’ला ‘लेट गो ऑफ माय हँड’ हवं. आणि ‘त्याला सोडून’ म्हणजे ‘एक्सेप्ट हिम’.

असं का होतं, याचं कारण सुटणे–सोडणे या जोडीत आहे. सोडणे म्हणजे सुटू देणे, बंधन मोकळं करणे. लीव्ह म्हणजे राहू देणे, आहे तिथे ठेवणे. दोघांची मुळं एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत, फक्त ‘गाव सोडलं’, ‘नोकरी सोडली’ अशा मधल्या काही जागांवर त्यांची गाठ पडते. शाळेतल्या शब्दकोशाने त्या गाठीलाच अर्थ मानलं आणि ‘लीव्ह म्हणजे सोडणे’ असं पाठ करून घेतलं. तेवढं विसरायला हवं. त्याऐवजी वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा, ‘इथे काही मागे राहतंय का?’ राहत असेल तर लीव्ह. मोकळं होत असेल तर दुसरं क्रियापद शोधा.

ही कसोटी लावून पाहू. ‘मुलांना आजीकडे ठेवून आले’ यात मुलं तिथे राहिली, म्हणून ‘लेफ्ट द चिल्ड्रन विथ देअर ग्रँडमदर’ अगदी बरोबर. ‘पाहुण्याला स्टेशनवर सोडलं’ यात पाहुणा पुढे जाणार, राहणार नाही. ‘लेफ्ट हिम ॲट द स्टेशन’ म्हटलं की वाचणाऱ्याला तो तिथे एकटा उभा दिसतो. ‘चादरीच्या चारही बाजूंना 5 सेंटिमीटर जागा सोडा’ यात जागा राहते, म्हणून ‘लीव्ह फाइव्ह सेंटिमीटर्स’. ‘दार उघडं ठेवा’ला ‘लीव्ह द डोअर ओपन’. तुमच्या धंद्यात कापड रंगाच्या हौदात किती वेळ राहू द्यायचं, वाळायला किती वेळ ठेवायचं, हे सगळं ‘लीव्ह’नेच सांगतात.

‘विसरणे’चंही असंच आहे. ‘छत्री बसमध्ये विसरले’ हे मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत नुसतं ‘आय फरगॉट माय अंब्रेला’ चालतं, पण जागा सांगितली की क्रियापद बदलतं : ‘आय लेफ्ट माय अंब्रेला ऑन द बस’. विसरणं डोक्यात घडतं, बसमध्ये राहते ती छत्री. नमुने ग्राहकाच्या ऑफिसात विसरले असतील तर तिथेही ‘लेफ्ट’च लिहा. आणि एखादी ओळ गाळली, नाव वगळलं, तर ‘लेफ्ट आउट’.

आता पहिलं वाक्य. ‘अवर सुपरवायझर हॅज लेफ्ट’ यात काय मागे राहिलं ते सांगितलेलंच नाही. ऑफिस? कंपनी? देश? समोर बसलेल्या माणसाला संदर्भ कळतो, पण मेल वाचणारा चार हजार मैलांवर आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचतो आहे. नोकरीच्या संदर्भात कर्माशिवाय आलेला ‘हॅज लेफ्ट’ बहुतेक जण कायमचं जाणं म्हणूनच वाचतात. उपाय तीन शब्दांचा आहे : ‘हॅज लेफ्ट फॉर द डे’, म्हणजे आजच्यापुरते गेले. किंवा वेळ सांगायची असेल तर ‘हॅज’ काढून ‘लेफ्ट ॲट फाइव्ह’. वेळ आली की ‘हॅज’ येत नाही, हा नियम पक्का ठेवा. खरोखरच नोकरी सोडली असेल तर ‘हॅज लेफ्ट द कंपनी’ असं कर्मासकट लिहा. आणि वेळापत्रकातल्या गाड्यांना साधा वर्तमानकाळ लागतो, उद्याची गाडी असली तरी. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी 7.15ला सुटते, तर ‘इट लीव्हज पुणे ॲट 7.15’. ‘विल लीव्ह’ चुकीचं नाही, पण वेळापत्रक सांगताना तो उगाच जड होतो.

‘उरणे’ या अर्थी कर्मणी रूप वापरतात. ‘टू रोल्स आर लेफ्ट’, म्हणजे दोन तागे उरले. हल्ली मराठीत ‘तो ग्रुपमधून लेफ्ट झाला’ असं म्हणतात. ते मराठीत खुशाल म्हणा, पण इंग्रजीत ‘ही इज लेफ्ट’ लिहू नका. त्याचा अर्थ नेमका उलटा, तो उरला, असा होतो.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू, कारण रजा तिकडची आहे. नाम असलेला ‘लीव्ह’ मूळचा ‘परवानगी’. जुन्या इंग्रजीत तो ‘लेआफ’ होता आणि मागे ठेवण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याचं नातं ‘लव्ह’शी आणि ‘बिलीव्ह’मधल्या ‘लीव्ह’शी आहे. ज्याच्यावर मर्जी, त्याला मुभा, असा तो विचार. जर्मन भाषेत ‘एरलाउबेन’ म्हणजे परवानगी देणे आणि ‘उरलाउब’ म्हणजे सुट्टी, तेही याच घरातले. संस्कृतात या धातूचं रूप ‘लुभ्’, त्याच्यापासून लोभ. आज लोभ म्हटलं की हाव आठवते, पण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’ लिहिताना आपण हाव मागत नाही, माया मागतो. तो जुना अर्थ मराठी पत्राने जपून ठेवला आहे, आणि इंग्रजी रजेच्या अर्जातल्या शब्दाचं मूळ तिथेच आहे.

आपली ‘रजा’ही याच वाटेने आली, आणि तेही स्वतंत्रपणे. अरबी शब्द फारसीतून मराठीत आला. मूळ अर्थ संमती, खुशी. ‘राजी’ त्याच कुटुंबातला, आणि ‘राजीनामा’ही. संमतीचा कागद तो राजीनामा, मराठीत मात्र तो नोकरी सोडण्याचा कागद झाला. पाहुणा उठताना ‘आता रजा घेतो’ म्हणतो, तेव्हा तो जाण्याची परवानगी मागतो. इंग्रजीत ‘टेक लीव्ह’ म्हणजे हेच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता परवानगीपासून सुट्टीपर्यंत आणि निरोपापर्यंत सारखाच प्रवास केला, याचा आम्हाला प्रत्येक वेळी नव्याने आनंद होतो. सरकारी नोकरांच्या रजेचे महाराष्ट्रात जे 1981चे नियम आहेत, त्यांत रजा हक्क म्हणून मागता येत नाही असं म्हटलं आहे. शब्दाचा मूळ अर्थ लक्षात घेतला तर त्यात नवल नाही.

हा ‘लीव्ह’ परवानगी या अर्थाने अजून जिवंत आहे, आणि तो ओळखता आला नाही की गैरसमज होतात. महाराष्ट्रात घर भाड्याने देताना जो करार होतो त्याला सर्रास ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहितात आणि अनेक जण समजतात, ठरलेल्या मुदतीनंतर घर सोडायचं म्हणून ‘लीव्ह’. तसं नाही. लीव्ह म्हणजे परवानगी, आणि लायसन्स म्हणजेही परवानगी. एक जर्मानिक, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन यांच्या समान पूर्वजभाषेतल्या मुळाचा, दुसरा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. इंग्रजी कायद्याला अशा जोड्यांची सवय आहे. आपल्याकडे कागदपत्र, धनदौलत अशा जोड्यांत फारसी-अरबी आणि संस्कृत शब्द शेजारी बसतात, तसंच हे. घरमालक जागेत राहायची मुभा देतो, जागेत हक्क देत नाही, हा त्या कराराचा गाभा आहे. (महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999च्या कलम 55प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची.) सर्वोच्च न्यायालयातली ‘स्पेशल लीव्ह पिटिशन’ही अशीच. तिला मराठीत ‘विशेष अनुमती याचिका’ म्हणतात. आदेशात ‘लीव्ह ग्रँटेड’ दिसलं तर न्यायालयाने कोणाला सुट्टी दिलेली नसते, अपिलाची परवानगी दिलेली असते. तुरुंगातला ‘फर्लो’ही इंग्रजीत डच भाषेतून आला आणि त्याचा मागचा अर्धा भाग म्हणजे हाच ‘लीव्ह’. मराठीत त्याला संचित रजा म्हणतात.

आता तुमचं तिसरं वाक्य. परवानगी मोजता येत नाही, म्हणून ‘अ लीव्ह’ नाही आणि ‘टू लीव्हज’ही नाही. ‘लीव्हज’ हे अनेकवचन इंग्रजीत आहे, पण ते ‘लीफ’चं, म्हणजे झाडाच्या पानांचं. ‘आय ॲम टेकिंग टू लीव्हज’ वाचून इंग्रज माणसाच्या डोळ्यांसमोर दोन पानं येतात. भारतातल्या ऑफिसांत हे इतकं रुळलं आहे की आपसात कोणी दचकत नाही, पण बाहेरच्या ग्राहकाला लिहिताना ‘टू डेज लीव्ह’ लिहा, किंवा त्याहून सोपं ‘टू डेज ऑफ’. ‘लीव्ह’ लिहिताना ‘डेज’नंतर ॲपॉस्ट्रॉफी द्यायची, कारण ती दोन दिवसांची रजा आहे. ‘ऑफ’च्या वेळी द्यायची नाही. आणि कधी परत येणार ते नक्की सांगा. ‘ऑन लीव्ह टिल द सिक्स्टीन्थ’ यात सोळावा दिवस रजेत धरायचा की नाही, याबद्दल माणसं वेगवेगळं समजतात. ‘बॅक ऑन द सेव्हन्टीन्थ’ लिहिलं की प्रश्न उरत नाही.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिला मराठीतूनच देता येईल. मीठ–मिठाचा, फूल–फुलाचा. शब्द लांबला की आतला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. इंग्रजीतही पुढे दोन व्यंजनं एकत्र आली की आधीचा दीर्घ स्वर आखूड झाला. म्हणून कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट, फील–फेल्ट आणि लीव्ह–लेफ्ट. ‘व्ह’चा ‘फ’ झाला तो पुढच्या ‘ट’मुळे. ‘ट’ अघोष, म्हणजे तो म्हणताना गळ्यात कंप होत नाही, त्याच्या शेजारी कंप होणारा सघोष ‘व्ह’ टिकत नाही. ‘बिरीव्ह–बिरेफ्ट’मध्येही तेच. डाव्या हाताचा ‘लेफ्ट’ मात्र याचा कोणीच नाही. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘दुबळा’ या अर्थाच्या शब्दापासून आला. बहुतेकांचा डावा हात कमजोर, म्हणून ते नाव, आणि ‘लेफ्ट’ हे रूप इंग्लंडच्या आग्नेय टोकाच्या केंट भागातल्या बोलीतलं. दोन अनोळखी माणसांचं नाव एकच निघावं, तसं हे झालं.

दाखल्याचं सांगायचं तर, शाळा सोडल्याचा दाखला तो ‘लीव्हिंग’, दीर्घ ई, आणि स्पेलिंगमध्ये ‘ई’नंतर ‘ए’. अर्जांवर ‘लिव्हिंग सर्टिफिकेट’ जगण्याच्या स्पेलिंगने लिहिलेलं सर्रास दिसतं. ते हयातीच्या दाखल्यासारखं वाटतं, जो पेन्शनधारक नोव्हेंबरात देतात, आणि त्यालाही ‘लाइफ सर्टिफिकेट’ म्हणतात, ‘लिव्हिंग’ नाही. गोंधळ होतो कारण दिन आणि दीन हा फरक आपण लिहितो, पण बोलताना फारसा पाळत नाही, त्यामुळे कान तयार नसतो. सरावासाठी मुलीबरोबर शिप–शीप, फिल–फील, लिव्ह–लीव्ह या जोड्या मोठ्याने म्हणा. दीर्घ म्हणताना ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले हवेत, ऱ्हस्व म्हणताना सैल, आणि जीभ किंचित खाली, ‘ए’च्या बाजूला. नुसतं लांबवून भागत नाही, स्वराचा रंगच वेगळा आहे.

‘क्विट’ आणि ‘डिपार्ट’ हे शेजारी वापरावेत का, हा प्रश्न तुम्हाला पुढे पडेलच. ‘डिपार्ट’चा मूळ अर्थ वाटणे, वेगळे करणे. आज तो स्थानकांच्या फलकांवर आणि औपचारिक लेखनात राहिला आहे. रोजच्या मेलमध्ये तो ताठर वाटतो. ‘क्विट’ फ्रेंचमधून आला, त्यामागे लॅटिनमधला ‘शांत, मोकळा’ या अर्थाचा शब्द आहे, ‘क्वाएट’ही त्याचाच. त्यात देणंघेणं मिटवून, हक्क सोडून मोकळं होण्याची छटा आहे. 1942च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून ‘क्विट इंडिया’ची हाक गेली. ती घोषणा युसूफ मेहेरअलींनी सुचवली असं सांगतात. तिथे ‘लीव्ह इंडिया’ म्हटलं असतं तर नुसतं निघून जा, एवढाच अर्थ झाला असता. ‘क्विट’मध्ये ताबा सोडा हे आलं. नोकरीच्या बाबतीत मात्र ‘क्विट’ जरा तडकाफडकी वाटतो. सहकाऱ्याबद्दल लिहिताना ‘लेफ्ट द कंपनी’ सभ्य.

तुमचा मेल आता असा लिहिता येईल : ‘अवर सुपरवायझर हॅज लेफ्ट फॉर द डे अँड विल रिप्लाय टुमॉरो मॉर्निंग. ऑन मंडे अवर ड्रायव्हर विल पिक यू अप फ्रॉम द हॉटेल ॲट नाइन अँड ड्रॉप यू ॲट द फॅक्टरी. आय विल बी ऑन लीव्ह ऑन थर्सडे अँड फ्रायडे नेक्स्ट वीक अँड बॅक ऑन मंडे.’ सुपरवायझरबद्दलचा गैरसमज अजून दूर केला नसेल, तर त्याच मेलच्या सुरुवातीला एक वाक्य वाढवा, ‘ही इज स्टिल विथ अस’. ग्राहकाने आस्थेने विचारलं होतं, त्याला उत्तर मिळायला हवं.